मुलांच्या दातांची कीड आणि लाळेतील अँटिऑक्सिडंट : संशोधन कुठवर पोहोचले, पालकांनी काय करावे

लहान मुलांच्या दातांना लागणारी कीड हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या बालविकारांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगभरातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या ५१.९ टक्के, १२ वर्षे वयाच्या ५३.८ टक्के आणि १५ वर्षे वयाच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. सर्वेक्षणाला दोन दशके उलटली असली तरी देशातील दर दोन मुलांपैकी एकाला हा त्रास होतो, हे त्यातून स्पष्ट झालेले चित्र आजही दंतवैद्यांच्या बोलण्यात येते.

एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचे दात किडतात आणि दुसऱ्याचे शाबूत राहतात, असा अनुभव अनेक पालकांना येतो. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष गेल्या काही दशकांत लाळेकडे वळले. लाळेत असणारे अँटिऑक्सिडंट, म्हणजेच प्रतिऑक्सिडीकारक घटक, आणि दंतक्षय यांचा काही संबंध आहे का, याविषयी भारतासह अनेक देशांत अभ्यास झाले. लाळेच्या थेंबावरून किडीचा धोका आधीच ओळखता येईल का आणि अँटिऑक्सिडंट देऊन ती टाळता येईल का, हे दोन प्रश्न त्यामागे आहेत. त्यांची आजची उत्तरे समजून घेण्यासाठी आधी कीड लागते कशी, हे पाहावे लागेल.

‘कीड’ म्हणजे किडा नव्हे

दातात किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, ही समजूत जगातील अनेक प्राचीन संस्कृतींमध्ये होती. आपल्या भाषेतील ‘कीड’ हा शब्दही तीच समजूत जपून आहे. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली. पुढे १८९० मध्ये बर्लिन येथे काम करणारे अमेरिकी संशोधक विलोबी मिलर यांनी तोंडातील सूक्ष्मजीव अन्नातील पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, असा सिद्धांत मांडला. १९२४ मध्ये ब्रिटनमधील किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स’ हा जीवाणू वेगळा केला. आजही दंतक्षयाशी निगडित प्रमुख जीवाणूंमध्ये त्याची गणना होते. मात्र तो एकटाच दोषी नसतो. आम्ल निर्माण करणाऱ्या आणि आम्लात तग धरणाऱ्या जीवाणूंची संपूर्ण वसाहत त्यास कारणीभूत असते, हे आता मान्य झाले आहे.

दाताचे बाहेरील आवरण, म्हणजे दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांनी बनलेला असतो. दातांवर जीवाणूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. त्याला प्लाक म्हणतात. गोड पदार्थ तोंडात गेला की या थरातील जीवाणू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात आणि तेथील सामू घसरतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळून बाहेर पडू लागतात. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यानंतर प्लाकचा सामू झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, असे त्यांच्या आलेखात दिसले.

म्हणजे दातांवर दिवसभर खनिजांची देवाणघेवाण चालू असते. आम्लाच्या हल्ल्यात खनिजे जातात आणि हल्ला ओसरला की लाळेतून ती परत येतात. जाणारी खनिजे येणाऱ्या खनिजांपेक्षा महिनोन्‌महिने अधिक राहिली की दातावर प्रथम पांढुरका, निस्तेज डाग उमटतो आणि पुढे खड्डा पडतो. दुधाच्या दातांचे दंतवल्क कायमच्या दातांच्या तुलनेत पातळ असल्यामुळे लहान मुलांमध्ये ही प्रक्रिया वेगाने पुढे सरकते.

लाळ : दातांची पहारेकरी

या देवाणघेवाणीत दातांची बाजू सांभाळण्याचे काम लाळ करते. कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या, तसेच तोंडाच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो लहान ग्रंथी मिळून प्रौढ व्यक्तीत दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. तिचा सुमारे ९९ टक्के भाग पाणीच असतो. परंतु उरलेल्या एका टक्क्यात दातांच्या संरक्षणाची मोठी सामग्री सामावलेली असते.

लाळ अन्नकण आणि साखर धुऊन नेते. तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाची तीव्रता मारते. कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या दंतवल्काची डागडुजी करतात. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, पेरॉक्सिडेज यांसारखी प्रथिने आणि ‘आयजीए’ ही प्रतिपिंडे जीवाणूंना आवर घालतात. एखाद्या आजारामुळे, किरणोपचारामुळे किंवा औषधांमुळे ज्यांची लाळ आटते, त्यांचे दात अल्पावधीत आणि एरवी सहसा न किडणाऱ्या जागीही किडतात. लाळेचे महत्त्व सांगणारा याहून ठोस पुरावा नाही.

झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवण्याची सवय दातांना सर्वाधिक महागात पडते, ती याच कारणाने. दूध तोंडात साचून राहते आणि ते धुऊन नेणारी लाळ त्या वेळी हजर नसते. वरचे पुढचे दात अशा बाळांमध्ये आधी किडतात. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा आणि जवळच्या ग्रंथींची लाळ मिळत असल्याने ते बहुधा वाचतात.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

शरीरातील पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. त्यांना मुक्त मूलके किंवा ‘फ्री रॅडिकल’ असे म्हटले जाते. जंतुसंसर्ग झाला की आपल्या पांढऱ्या पेशी जीवाणूंना मारण्यासाठी हेच रेणू मुद्दाम सोडतात. मात्र त्यांचे प्रमाण हाताबाहेर गेले की ते शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना, मेदाला आणि जनुकीय द्रव्यालाही इजा करतात. या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. अशा रेणूंना निष्प्रभ करणारे घटक म्हणजे अँटिऑक्सिडंट.

लाळेत असे घटक अनेक असतात. त्यांत युरिक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा असून लाळेच्या एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेपैकी सुमारे ७० टक्के क्षमता त्याच्याकडून येते. सांधेदुखीच्या संदर्भात ज्याचे नाव ऐकू येते, तेच हे युरिक आम्ल. रक्तातून ते लाळेत उतरते. त्याखेरीज क जीवनसत्त्व, अल्ब्युमिन, ग्लुटाथायोन तसेच पेरॉक्सिडेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज यांसारखी विकरे लाळेत असतात. या सर्वांची मिळून होणारी शक्ती मोजण्यासाठी ‘एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता’ हे मोजमाप वापरले जाते. लाळेचा नमुना विशिष्ट रसायनात मिसळला असता रंगात जो बदल होतो, त्यावरून ही क्षमता ठरवली जाते.

हिरड्यांच्या आजारात ऑक्सिडीकरणाच्या ताणाची भूमिका आहे, याचे पुरावे बरेच आहेत. कारण तेथे जिवंत ऊतींची जळजळ होत असते. दंतवल्काची गोष्ट वेगळी आहे. त्यात पेशी नसतात, रक्तवाहिन्या नसतात. आम्लाने खनिज विरघळणे ही मूलतः रासायनिक क्रिया आहे आणि तिला मुक्त मूलकांची गरज लागत नाही. त्यामुळे अँटिऑक्सिडंट आणि कीड यांचा संबंध असलाच तर तो सरळ नसून आडवळणाचा असणार, हे आरंभीच लक्षात घ्यायला हवे.

अभ्यासांत काय आढळले?

सामान्य तर्काने असे वाटेल की, ज्या मुलांच्या लाळेत अँटिऑक्सिडंट अधिक, त्यांचे दात अधिक सुरक्षित. प्रत्यक्षात अनेक अभ्यासांचे निष्कर्ष याच्या उलट आले. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंतक्षय असलेल्या मुलांच्या लाळेची एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता निरोगी दातांच्या मुलांपेक्षा जास्त आढळली. कर्नाटकातील मंगळूरु येथील बालदंतवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही कीड जितकी अधिक, तितकी ही क्षमता अधिक, असे चित्र दिसले. त्यानंतर देशातील अनेक दंत महाविद्यालयांत असे अभ्यास झाले. काहींनी याच निष्कर्षाला दुजोरा दिला, काहींना नेमके उलटे आढळले, तर काहींना दोन गटांत लक्षणीय फरकच दिसला नाही.

कीड असलेल्या मुलांमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त का असावेत, याची काही संभाव्य स्पष्टीकरणे दिली जातात. तोंडात जीवाणूंचा प्रादुर्भाव वाढला की शरीर संरक्षणाची फळी मजबूत करते. त्यामुळे वाढलेले अँटिऑक्सिडंट हे किडीचे कारण नसून तिला मिळालेला प्रतिसाद असू शकतो. आग लागलेल्या गल्लीत अग्निशमन दलाचे बंब जास्त दिसतात, म्हणून बंबांमुळे आग लागली असे कोणी म्हणत नाही. दुसरे स्पष्टीकरण लाळेतील प्रथिनांचे आहे. कीड असलेल्या मुलांच्या लाळेत एकूण प्रथिनांचे प्रमाण वाढलेले काही अभ्यासांत आढळले आहे आणि प्रथिनांनाही थोडीफार प्रतिऑक्सिडीकारक क्षमता असते. तिसरी शक्यता हिरड्यांची आहे. दात नीट न घासणाऱ्या मुलाच्या हिरड्या सुजलेल्या असतात. त्यांतून झिरपणाऱ्या रक्ताबरोबर रक्तातील अँटिऑक्सिडंटही लाळेत मिसळतात. अशा वेळी मोजमापात दिसणारी वाढ किडीमुळे आहे की हिरड्यांमुळे, हे वेगळे करणे अवघड होते.

यांतील बहुतेक अभ्यास एका ठरावीक वेळी केलेल्या पाहणीच्या स्वरूपाचे आहेत. कीड असलेली काही मुले आणि नसलेली काही मुले निवडायची, एकदाच लाळ घ्यायची आणि तुलना करायची, अशी त्यांची पद्धत असते. या पद्धतीने दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सांगता येते. आधी काय घडले आणि नंतर काय, हे सांगता येत नाही. त्यातच सहभागी मुलांची संख्या बहुधा कमी असते.

मोजमापाच्या अडचणी

निष्कर्षांतील विसंगतीचे आणखी एक कारण खुद्द लाळेच्या स्वभावात आहे. ती दिवसभर बदलत राहते. सकाळची लाळ आणि दुपारची लाळ सारखी नसते. जागेपणी काहीही न चघळता प्रौढ व्यक्तीच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते; काही चघळायला दिले की प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि त्यातील युरिक आम्लासारखे घटक विरळ होतात. नमुना देण्यापूर्वी मुलाने काय खाल्ले, किती वेळ उपाशी होते, हिरड्यांतून रक्त येते का, नमुना किती थंड ठेवला, या सर्वांचा परिणाम आकड्यावर होतो. वयानुसारही लाळेची घटकरचना बदलते; त्यामुळे चार वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांची सरसकट तुलना करता येत नाही.

मोजण्याच्या पद्धतीही एकसारख्या नाहीत. एक पद्धत लोहाच्या आयनांवर होणाऱ्या क्रियेतून क्षमता ठरवते, दुसरी रंगीत मूलकाचा रंग किती फिकट झाला यावरून. पहिल्या पद्धतीत ग्लुटाथायोनसारख्या गंधकयुक्त घटकांची नोंद पुरेशी होत नाही. परिणामी एकाच नमुन्याला दोन प्रयोगशाळांत दोन वेगळे आकडे मिळू शकतात. रक्तशर्करेप्रमाणे ‘एवढे ते एवढे म्हणजे सामान्य’ अशी सर्वमान्य मर्यादा या चाचणीसाठी अद्याप ठरलेली नाही. म्हणूनच मुलाच्या दातांचा धोका ओळखण्यासाठी लाळेतील अँटिऑक्सिडंटची चाचणी करून घेण्याची शिफारस आज प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत आढळत नाही. ही चाचणी तूर्त संशोधनाचे साधन आहे.

सर्व ऑक्सिडीकारक शत्रू नसतात

या विषयात एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. तोंडाच्या आरोग्यात ऑक्सिडीकारकांची भूमिका केवळ विध्वंसक नाही. तोंडातील काही निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकस जीवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. हा ऑक्सिडीकारक म्युटन्स जीवाणूला मारक ठरतो, कारण तो पदार्थ मोडणारे कॅटालेज हे विकर म्युटन्सकडे नसते. लाळेतील पेरॉक्सिडेज हे विकर याच पेरॉक्साइडचा उपयोग करून थायोसायनेटपासून हायपोथायोसायनाइट बनवते आणि ते जीवाणूंची साखर पचवण्याची क्षमता रोखते. म्हणजे एकच विकर ऊतींना पेरॉक्साइडपासून वाचवते आणि त्याच पेरॉक्साइडचे शस्त्रही बनवते.

त्यामुळे तोंडातील सारे ऑक्सिडीकारक नाहीसे करणे हे उद्दिष्टच होऊ शकत नाही. येथे समतोल महत्त्वाचा आहे, आणि तो समतोल बिघडवण्याचे काम सर्वाधिक प्रमाणात साखर करते. वारंवार साखर मिळाली की आम्लात तग धरणारे जीवाणू फोफावतात आणि पेरॉक्साइड निर्माण करणारे निरुपद्रवी जीवाणू मागे पडतात.

गोळ्या आणि गमीचा मोह

‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असा शिक्का असलेली चूर्णे, पेये आणि मुलांसाठीच्या रंगीत गमी बाजारात सहज मिळतात. लाळेतील अँटिऑक्सिडंटविषयी वाचल्यावर पालकांना त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र अशी पूरक द्रव्ये दिल्याने मुलांमधील दंतक्षय टळतो, असा भक्कम पुरावा नाही. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हा समज इतर क्षेत्रांतही टिकलेला नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता दर्शवणारी आपली सूची २०१२ मध्ये मागे घेतली. प्रयोगशाळेतील आकडा आणि शरीरातील परिणाम यांत थेट नाते दिसत नाही आणि उत्पादक त्या आकड्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्या वेळी देण्यात आले.

दातांच्या बाबतीत तर काही पूरक द्रव्ये उलटी पडू शकतात. चघळण्याच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आम्लधर्मी असतात आणि त्या वरचेवर चघळल्यास दंतवल्काची झीज होऊ शकते. गमीमध्ये साखर असते आणि ती दाढांच्या खाचांत चिकटून बसते. पेरू, आवळा, पालेभाज्या, गाजर हे पदार्थ मुलांच्या आहारात अवश्य असावेत. परंतु ते एकूण पोषणासाठी. त्यांच्या भरवशावर दात घासण्याचा कंटाळा करू नये.

मग कीड टाळायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर लाळेच्या चाचणीपेक्षा पुष्कळ साधे आहे आणि त्यामागे कितीतरी भक्कम पुरावा आहे.

पहिली बाब साखरेची. किती साखर खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हे निर्णायक ठरते. स्वीडनमधील व्हीपेहोल्म येथे झालेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेल्या चिकट गोड पदार्थांनी सर्वाधिक कीड झाल्याचे दिसले. हा अभ्यास संस्थेत ठेवलेल्या मनोरुग्ण आणि मतिमंद व्यक्तींवर त्यांच्या संमतीविना केला गेल्याने नैतिकदृष्ट्या तो आज निषिद्ध मानला जातो. पण त्यातील निष्कर्ष पुढे अनेक मार्गांनी पक्का झाला. स्टीफन यांच्या आलेखाचा आधार घेतल्यास हिशेब सोपा आहे. जेवणासोबत एकदा गोड खाल्ले तर दातांवर साधारण अर्ध्या ते एका तासाचा हल्ला होतो. तेवढेच गोड सकाळचा चहा-बिस्किट, शाळेतील चॉकलेट, दुपारचे सरबत, संध्याकाळचे बिस्किट आणि रात्रीचे गोड दूध असे पाच वेळा विभागले तर हल्ल्याचा काळ पाचपट होतो आणि लाळेला डागडुजीसाठी सवडच मिळत नाही. गूळ आणि मध हेही दातांच्या दृष्टीने साखरच होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेचे प्रमाण एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी असावे. मुलांची पातळ औषधेही अनेकदा साखरेची असतात. ती दीर्घकाळ चालू असल्यास साखरविरहित पर्यायाविषयी डॉक्टरांना विचारावे आणि औषधानंतर पाणी प्यायला द्यावे.

दुसरी बाब फ्लोराइडची. फ्लोराइड दंतवल्काची डागडुजी जलद करते आणि नव्याने बसणारी खनिजे आम्लाला अधिक दाद न देणारी बनवते. फ्लोराइडयुक्त स्फटिक सामू साधारण ४.५ पर्यंत खाली येईपर्यंत टिकाव धरतो. भारतात टूथपेस्टमध्ये दहा लाख भागांत १,००० भागांपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. पहिला दात उगवताच, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासून, दात घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मोठ्यांनी स्वतः मुलाचे दात घासून द्यावेत. पेस्ट थुंकायला शिकवावे, पण नंतर भरपूर पाण्याने चूळ भरू नये. म्हणजे फ्लोराइड दातांवर काही काळ टिकते. राख, कोळसा किंवा खरखरीत भुकटीने दंतवल्क झिजते. मशेरीमध्ये तंबाखू असतो. ती मुलांच्या तोंडाला लावू नये आणि घरातील मोठ्यांनीही सोडावी.

भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मुळातच जास्त असलेल्या भागांत मात्र सावधगिरी हवी. राजस्थान, तेलंगणा, आंध्र प्रदेश यांसह महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांमध्ये ही समस्या आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. त्याहून अधिक फ्लोराइड लहानपणी दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडांनाही त्रास होतो. अशा गावांतील पालकांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

तिसरी बाब रात्रीची. बाळाच्या तोंडात बाटली ठेवून झोपवू नये. स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही हितकारक आहे, ते किडीच्या भीतीने थांबवू नये. मात्र दात आलेल्या बाळाचे दात रात्री घासलेले असावेत. रात्री घासून झाल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये.

चौथी बाब तपासणीची. आंतरराष्ट्रीय बालदंतवैद्यक संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाची पहिली दंततपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी. महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग आहेत का, हे पालकांनी पाहावे. या टप्प्यावर कीड थांबवता येते, दात कोरावा लागत नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. ती एकदा गेली की परत येत नाही.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’

दुधाच्या दातांविषयीची ही बेफिकिरी मुलांना फार भोवते. हे २० दात सहाव्या वर्षापासून पडू लागतात. मात्र शेवटच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. किडलेल्या दाढेने मूल एका बाजूने चावते, कमी खाते, रात्री कळवळून उठते, वर्गात लक्ष देऊ शकत नाही. संसर्ग मुळापर्यंत गेला तर गालावर सूज येते आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. दूधदाढ अकाली काढावी लागल्यास शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात.

कीड लागल्यावरही मुलाला घाबरवणाऱ्या यंत्राचाच उपाय असतो असे नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण किडलेल्या भागावर लावल्यास कीड पुढे सरकणे थांबू शकते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, ही त्याची उणी बाजू. परंतु लहान, घाबरट किंवा दूरच्या गावातील मुलांसाठी ते सोयीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत फ्लोराइड टूथपेस्ट आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांच्यासह त्याचा समावेश केला.

सरकारी पातळीवरही मार्ग उपलब्ध आहे. महाराष्ट्रातील पालघर येथून फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. तपासायच्या विकारांत दातांच्या विकारांचा समावेश असून गरज असलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. पथक येऊन गेल्यावर मुलाच्या कार्डावर दातांविषयी काय नोंद झाली आणि त्याला कुठे पाठवले आहे, हे पालकांनी शिक्षकांकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे विचारून घेतले पाहिजे.

पुढची दिशा

लाळेवरील संशोधन निष्फळ आहे, असा याचा अर्थ नाही. लाळ घेण्यासाठी सुई टोचावी लागत नाही. मुलांच्या बाबतीत हा फार मोठा फायदा आहे. परंतु अँटिऑक्सिडंट आणि कीड यांचे नाते सिद्ध करायचे असेल, तर दात निरोगी असतानाच मोठ्या संख्येने मुलांची लाळ घेऊन, काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवून, पुढे कोणाला कीड लागते हे पाहावे लागेल. नमुना घेण्याची वेळ, पद्धत आणि मोजमाप सर्वत्र सारखे ठेवावे लागेल. त्या मुलांची साखर खाण्याची सवय, दात घासण्याची सवय आणि हिरड्यांची स्थितीही नोंदवावी लागेल. असे पुरावे हाती येईपर्यंत कोणत्या मुलाला धोका अधिक आहे, हे सांगणाऱ्या सर्वांत विश्वासार्ह खुणा प्रयोगशाळेबाहेरच आहेत. आधीची कीड, दातांवरचे पांढरे डाग, साचलेला प्लाक आणि दिवसातून किती वेळा गोड खाल्ले जाते, या खुणा कोणत्याही घरात तपासता येतात.